वाचकांचे प्रश्न : चाकांची अलाइनमेंट घरी करावी की दुकानात?

पावसाळा सरला की या सदराच्या टपालात खड्ड्यांनी बिघडवलेल्या गाड्यांची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतली बहुतेक चाकांच्या अलाइनमेंटविषयी, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याविषयी, आहेत. दुकानदारावर विश्वास ठेवावा की नाही, अशी शंका जवळपास सगळ्यांनीच विचारली असल्यामुळे या अंकात त्याच विषयावरील निवडक पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे सात वर्षे जुनी स्विफ्ट आहे. अलीकडे तीन वेगवेगळ्या दुकानांत अलाइनमेंट करून घेतली. प्रत्येक ठिकाणी संगणकाने छापलेला कागद मिळाला, परंतु तिन्ही कागदांवरील आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग अजूनही थोडे उजवीकडे वळलेले राहते. मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेली आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधून मोजणी घरीच करावी, असा विचार आहे. हे जमण्यासारखे आहे, की नुसता हट्ट ठरेल?
— एक वाचक, सातारा

उत्तर : जमण्यासारखे आहे, मात्र त्यातले काय जमते आणि काय जमत नाही, हे आधी ठरवून घ्यावे. अलाइनमेंटमध्ये मुख्यतः तीन कोन येतात. वरून पाहिले असता दोन्ही चाके पुढच्या बाजूला एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर किती वळली आहेत, तो टो. समोरून पाहिले असता चाक आत किंवा बाहेर किती कलले आहे, तो कॅम्बर. आणि ज्या अक्षाभोवती चाक वळते तो अक्ष बाजूने पाहता मागे किती झुकला आहे, तो कॅस्टर. आपल्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाके जोडणारी आडवी तुळई) आहे. या रचनेत रोजच्या दुरुस्तीत बदलता येणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पुढच्या चाकांचा टो. दुकानातले यंत्र सगळे कोन दाखवते, पण कारागीर पान्हा लावतो तो टाय रॉडलाच, म्हणजे स्टेअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यालाच. टायर खाण्याच्या तक्रारींमागेही बहुतेक वेळा टोच असतो, आणि सुदैवाने घरी सर्वांत अचूक मोजता येणारा कोनही तोच आहे.

टोमधील किरकोळ वाटणारी चूक किती महाग पडते, ते पाहा. १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. दोन्ही चाकांचा मिळून टो फक्त ३ मिलिमीटरने चुकला, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरमागे सुमारे अडीच मीटर आडवे घासत चालते, आणि १०,००० किलोमीटरच्या प्रवासात हे घासणे २४ किलोमीटरच्या घरात जाते. अशा टायरवर हाताचा तळवा एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवला, की एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे टोचरे लागते. ही खूण कोणत्याही छापील कागदाहून अधिक खरी मानावी.

आता तिन्ही कागद वेगळे का, हे पाहू. कॅमेऱ्यांवर चालणारी आजची यंत्रे वाईट नाहीत. पडद्यावर ती कोनाच्या मिनिटापर्यंतचे आकडे दाखवतात. पण यंत्र मोजते ते रिमवर अडकवलेल्या फलकाला, चाकाला नव्हे. खड्ड्यात आपटून रिम किंचित वाकले असेल किंवा फलकाची पकड तिरकी बसली असेल, तर गाडी थोडी पुढे-मागे ढकलून ती चूक वजा करून घ्यावी लागते, आणि रांग लांबली की हीच पायरी घाईत उरकली जाते. त्यात हवा न तपासणे, यंत्रात गाडीचे भलतेच मॉडेल निवडणे, पुढच्या चाकांखालच्या फिरत्या तबकड्यांत चिखल अडकलेला असणे आणि टाय रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट ढिला असतानाही मोजणी रेटून नेणे, अशी भर पडते. जॉइंट ढिला असेल तर तीन दुकानांतच काय, एकाच दुकानात तीन वेळा मोजले तरी तीन निराळे आकडे येतील, आणि त्यांतला प्रत्येक त्या क्षणापुरता बरोबरच असेल.

म्हणून घरी पहिले काम दोरीचे नव्हे, जॅकचे आहे. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावावेत, पुढचे चाक उचलावे आणि गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी; नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातही घालू नये. मग चाक डावी-उजवीकडे, म्हणजे घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, धरून हलवून पाहावे. तेथे खटखट जाणवली तर संशय टाय रॉडवर घ्यावा. वर-खाली, बारा आणि सहाच्या जागी धरून खटखट आली, तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट पाहावा. यांपैकी काहीही ढिले असल्यास ते बदलेपर्यंत मोजणीला अर्थ नाही.

दोरीच्या पद्धतीत खरी मेख दोऱ्या समांतर बांधण्यात आहे. गाडीच्या पुढे आणि मागे एकेक आडवी ॲल्युमिनियमची पट्टी स्टँडवर ठेवावी आणि दोन्ही पट्ट्यांवर नेमक्या सारख्या अंतरावर खाचा पाडाव्यात. त्या खाचांतून ताणलेल्या दोन्ही दोऱ्यांमधील अंतर पुढे-मागे सारखेच राहते. दोऱ्या चाकाच्या मध्यबिंदूच्या उंचीवर असाव्यात. यानंतर दोऱ्यांची ही चौकट गाडीच्या मधोमध आणावयाची असते. येथे अनेक जण दोरी पुढच्या आणि मागच्या हबपासून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापासून, सारख्याच अंतरावर ठेवतात आणि तेथेच चुकतात, कारण बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन चाकांमधील अंतर मागच्या दोन चाकांमधील अंतराइतके नसते. जुळवायचे ते डावे आणि उजवे: पुढचा डावा हब दोरीपासून जितका दूर, तितकाच पुढचा उजवा, आणि मागेही तसेच.

मोजणीपूर्वी टायर थंड असताना हवा दरवाज्याच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे भरावी, गाडीतील अवजड सामान काढून ठेवावे, बॉनेटवर दोन-चारदा दाब देऊन सस्पेन्शन सैल होऊ द्यावे आणि गाडी काही मीटर पुढे ढकलून थांबवावी. शेवटची हालचाल पुढच्या दिशेची असावी, मागची नव्हे. स्टेअरिंग सरळ करून दोरीने आसनाला बांधून टाकावे. मग स्टीलच्या पट्टीने दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेचे आणि मागच्या कडेचे अंतर घ्यावे. पुढचे अंतर जास्त भरले तर चाक आत वळलेले आहे, म्हणजे टो-इन; मागचे जास्त भरले तर टो-आउट. चाक अर्धा फेरा फिरेल इतकी गाडी पुढे ढकलून पुन्हा मोजावे आणि दोन्ही वेळच्या फरकांची सरासरी घ्यावी. रिममधील वाकडेपणा त्यातून निघून जातो. वाचनात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर १४ इंची रिमवर ती कोनाच्या चार-पाच मिनिटांएवढी होते. घरगुती गाडीसाठी एवढी अचूकता पुरेशी आहे.

मागच्या चाकांचेही वाचन अवश्य घ्यावे, कारण आपल्या वळलेल्या स्टेअरिंगचे उत्तर तेथे असू शकते. मागचा बीम धक्क्याने किंचित तिरका झाला असेल, तर गाडी ज्या दिशेला जाऊ पाहते ती दिशा तिच्या मध्यरेषेशी जुळत नाही, आणि पुढची चाके त्या दिशेला वळवून ठेवावी लागतात; परिणामी स्टेअरिंग सरळ राहत नाही. मागचे दोन्ही आकडे डावी-उजवीकडे सारखे आले, तर मात्र कारण साधे आहे: टो जुळवताना कारागिराने स्टेअरिंगला लॉक लावले नसावे, किंवा एकाच बाजूचा टाय रॉड फिरवून हिशेब भागवला असावा.

दुरुस्ती करताना चेकनट (टाय रॉडला जागी पक्का धरणारा नट) ढिला करून टाय रॉड फिरवावा लागतो. स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकणारा दातेरी दांडा) धुरेच्या मागे असेल, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांत तो तसाच असतो, तर रॉड लांब केल्याने टो-इन वाढतो. रॅक पुढे असेल तर उलट होते. एकूण टो बदलायचा असेल तर दोन्ही बाजूंचे रॉड सारखेच लांब किंवा सारखेच आखूड करावेत. केवळ स्टेअरिंग सरळ करायचे असेल, तर एक जितका लांब केला तितकाच दुसरा आखूड करावा. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. रॅकवरील रबरी बुटाची क्लिप आधी सैल करावी, नाही तर बूट पिळवटून फाटतो आणि आत शिरलेला चिखल रॅक खातो. उभ्या गाडीत टायर जमिनीला चिकटून राहत असल्यामुळे पुढच्या चाकांखाली गुळगुळीत बाजू समोरासमोर ठेवलेल्या दोन-दोन फरश्या, मध्ये ग्रीस लावून, सरकवाव्यात, किंवा प्रत्येक बदलानंतर गाडी पुन्हा काही मीटर पुढे ढकलून मगच मोजावे. चेकनट आवळताना रॉड किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर शेवटचे वाचन घ्यावेच. नट किती आवळायचा आणि टो किती ठेवायचा, हे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलवरूनच घ्यावे.

माझा सल्ला विचाराल, तर मोजणी निःसंकोच घरी करावी आणि पान्हा हाती घेण्याचा निर्णय नंतर घ्यावा. अलाइनमेंटचे काहीशे रुपये वाचवण्यासाठी हा खटाटोप परवडत नाही. एक सुट्टीचा दिवस त्यात सहज जातो. पण स्वतः मोजलेले आकडे खिशात घेऊन दुकानात गेलेल्या ग्राहकाशी होणारे बोलणे निराळे असते. काम सुरू होण्यापूर्वीचे आणि नंतरचे असे दोन्ही कागद मागावेत, आणि स्टेअरिंग सरळ करण्यासाठी कोणी ते खोलून एक दाता पुढे बसवू पाहील, तर तेथेच थांबवावे. स्टेअरिंगमागे एअरबॅगची वायर असते आणि मूळ चूक त्याने जशीच्या तशी राहते.

प्रश्न : माझी गाडी सतत डावीकडे ओढते. दोन वेळा अलाइनमेंट करूनही फरक पडला नाही. दुकानदार म्हणतो, कागदावर सगळे हिरवे आहे. मग दोष कोणाचा?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : बहुधा दुकानदार खरे बोलत आहे. टो चुकला तर टायर झिजतात आणि स्टेअरिंग वाकडे राहते, पण एवढ्यावरून गाडी सहसा एका बाजूला ओढत नाही, कारण चालत्या गाडीत दोन्ही पुढची चाके तो फरक आपापसांत वाटून घेतात. ओढीची कारणे अन्यत्र शोधावीत. त्यांतले पहिले म्हणजे खुद्द रस्ता. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे साधारण २ ते २.५ टक्के उतार दिलेला असतो. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे स्टेअरिंग सोडल्यास गाडी हळूहळू डावीकडे सरकणे स्वाभाविकच आहे. रिकाम्या, सपाट मैदानात किंवा मोठ्या वाहनतळात सावकाश चालवून पाहिल्यास हा संशय लगेच फिटेल.

तेथेही ओढ कायम राहिली, तर प्रथम दोन्ही टायरांतील हवा तपासावी आणि मग पुढची दोन चाके डावी-उजवीकडे अदलाबदल करून पाहावी. ओढ उजवीकडे गेली किंवा नाहीशी झाली, तर दोष टायरच्या बांधणीत आहे. अशा टायरची धाव एका बाजूला किंचित निमुळती असते आणि कितीही अलाइनमेंट केली तरी तो सुधारत नाही. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर ही अदलाबदल चाचणीपुरतीच करावी.) अदलाबदलीने काहीच बदलले नाही, तर काही किलोमीटर चालवून पुढच्या दोन्ही रिमजवळ हात न लावता नुसता धरून पाहावा. एक बाजू स्पष्टपणे अधिक तापलेली असेल, तर त्या बाजूचा ब्रेक अडकून राहतो आहे. हे सर्व ठीक निघाले, तरच डाव्या-उजव्या कॅम्बर किंवा कॅस्टरमधील फरकाकडे वळावे. या कोनांचे वेगवेगळे आकडे आपल्याला मिळालेल्या कागदावर असतील. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मर्यादेत, म्हणजे हिरव्या असूनही, त्या मर्यादेच्या दोन विरुद्ध टोकांना असू शकतात, आणि तेवढा फरक ओढ निर्माण करायला पुरतो. गाडी अधिक धन कॅम्बर असलेल्या (चाकाची वरची कड अधिक बाहेर कललेल्या) किंवा कमी कॅस्टर असलेल्या बाजूला झुकते.

प्रश्न : टायरच्या दुकानात प्रत्येक वेळी ‘कॅम्बर आउट आहे’ असे सांगून चाकामागे वेगळे पैसे मागतात. एका ठिकाणी तर हायड्रॉलिक अवजार लावून काहीतरी वाकवले. हे योग्य आहे का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : नाही. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या अनेक गाड्यांत स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांना जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या छिद्रांत असलेल्या थोड्या ढिलाईपुरताच कॅम्बर हलतो. काही गाड्यांसाठी विकेंद्री (एक्सेंट्रिक) कॅम्बर बोल्टही मिळतात. त्यापलीकडे कॅम्बर हलला असेल तर काहीतरी वाकले, घसरले किंवा झिजले आहे: लोअर आर्म, स्ट्रट, वरचा माउंट किंवा सबफ्रेम. अवजार लावून धातू उलट दिशेने वाकवल्याने पडद्यावरचा आकडा हिरवा होतो. वाकलेला भाग मात्र तसाच राहतो, आणि सरळ असलेला दुसरा भाग वाकवून त्याच्याशी जुळवला जातो. ज्या भागावर चाकाचा सारा भार असतो, त्यावर असा प्रयोग मी स्वतःच्या गाडीवर होऊ देणार नाही. ‘कशामुळे आउट झाला, तो भाग दाखवा’ एवढेच म्हणावे. भाग दाखवला तर तो बदलावा, न दाखवल्यास टो जुळवून घेऊन निघावे.

दावा खरा की खोटा, हे घरी पडताळता येते. एक सरळ पट्टी रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला उभी टेकवावी आणि तिच्यावर डिजिटल कोनमापक किंवा मोबाइलमधील कोन दाखवणारे ॲप ठेवावे. अडचण जमिनीची असते: दोन चाकांमधील दीड मीटर अंतरात २६ मिलिमीटरचा उतार असला, तर वाचन तब्बल एका अंशाने चुकते. गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी लावून उतार मोजता येतो, पण त्याहून सोपा उपाय आहे. एकदा मोजून झाल्यावर गाडी वळवून आणावी, त्याच जागी उलट तोंडाने उभी करावी आणि पुन्हा मोजावे. जमिनीचा उतार एका वेळी मिळवला जातो, दुसऱ्या वेळी वजा होतो. दोन वाचनांची सरासरी म्हणजे चाकाचा खरा कॅम्बर. डाव्या आणि उजव्या चाकांत अर्ध्या अंशाच्या आत फरक असेल आणि टायरची आतली वा बाहेरची कड गुळगुळीत झिजलेली नसेल, तर ‘आउट’ या शब्दाने घाबरून जाऊ नये.

कॅस्टर घरी मोजण्याची रीतही आहे: चाक २० अंश आत आणि २० अंश बाहेर वळवून दोन्ही ठिकाणच्या कॅम्बरमधील फरकाला दीडने गुणायचे. पण वळण मोजणाऱ्या तबकड्यांशिवाय हा आकडा भरवशाचा येत नाही, म्हणून ते काम यंत्रावरच सोडावे.

प्रश्न : माझी गाडी नवी असून तिला लेनमध्ये ठेवणारी आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. घरी टो जुळवला तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मोजायला हरकत नाही, पान्हा लावू नये. काचेमागचा कॅमेरा आणि पुढचा रडार ज्या दिशेला ‘समोर’ मानतात, ती गाडीच्या प्रत्यक्ष चालण्याच्या दिशेशी जुळलेली असावी लागते, आणि स्टेअरिंगचा कोन सांगणाऱ्या सेन्सरचा शून्यबिंदूही अलाइनमेंटनंतर काही गाड्यांत पुन्हा ठरवावा लागतो. हे काम त्या कंपनीच्या कार्यशाळेतील उपकरणांवरच होते. मागच्या चाकांना मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक अनेक स्वतंत्र दांड्यांनी धरणारी रचना) असलेल्या गाड्यांनाही हाच सल्ला लागू आहे. तेथे मागचा टो आधी जुळवून मगच पुढचा जुळवायचा असतो आणि दोऱ्यांच्या आधाराने हा क्रम सांभाळणे फार किचकट होते.

प्रश्न : दर ५,००० किलोमीटरला अलाइनमेंट केलीच पाहिजे, असे टायरवाले सांगतात. खरे आहे का? आणि ८० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरते, ते अलाइनमेंटने जाईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तपासणी करावी, जुळवणी दर वेळी गरजेची नसते. टाय रॉडचे टोक, लोअर आर्म किंवा स्ट्रट बदलल्यावर, मोठ्या खड्ड्यात किंवा दुभाजकावर चाक आपटल्यावर, आणि नवे टायर बसवताना अलाइनमेंट अवश्य करावी. पंक्चर काढल्याने किंवा चाकांची जागा बदलल्याने कोन हलत नाहीत. एरवी महिन्याकाठी हवा भरताना चारही टायरांवरून तळवा फिरवावा आणि खाचांची खोली आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागांत मोजून लिहून ठेवावी. मोटारीच्या टायरसाठी १.६ मिलिमीटर ही किमान खोली आहे. आतली आणि बाहेरची नोंद एकमेकींपासून दूर जाऊ लागली, की ५,००० किलोमीटर पूर्ण होण्याची वाट पाहू नये.

ठरावीक वेगाला येणारी थरथर हा बहुधा बॅलन्सिंगचा, म्हणजे चाकाच्या वजनाच्या समतोलाचा, दोष असतो. रिमवर चिकटवलेले शिशाचे वजन पडले आहे का, आणि रिमच्या आत चिखल सुकून बसला आहे का, हे आधी पाहावे. पावसाळ्यानंतर नुसते रिम आतून धुतल्यानेही ही थरथर जाते, आणि मग दुकानात जाण्याची वेळच येत नाही.